उन्हाळी धानात पाणी नेमकं कुठे मुरतं आणि ते कसं अडवायचं

धान पाण्यात तग धरतं, म्हणून त्याला सतत पाण्यात उभं ठेवलंच पाहिजे, असं आपण धरून चाललो आहोत. धानाच्या मुळांत हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असतात, त्यामुळे ते बुडाखाली पाणी साचलं तरी मरत नाही. पण उभ्या पाण्याचा मोठा उपयोग तण दाबण्यासाठी असतो, पिकाची तहान भागवायला ओली माती पुरते. एवढं एकदा पटलं की बाकी सगळं कामाचं आणि वेळेवर करण्याचं आहे.

हा लेख भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या उन्हाळी धानाबद्दल आहे. खरिपात वरून पाऊस असतो, चुका झाकल्या जातात. जानेवारी-फेब्रुवारीत रोवलेल्या धानाला मात्र जवळपास सगळं पाणी मामा (माजी मालगुजारी) तलावातून, इटियाडोह-गोसीखुर्द धरणांच्या पाटातून नाहीतर बोअरमधून आणावं लागतं. कोकणात खाचरात उन्हाळी भात घेणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, फक्त मातीचा भाग त्यांनी आपल्या जमिनीप्रमाणे वाचावा.

आधी हिशोब: एकरात किती पाणी जातं

एका एकरावर १ मिलीमीटर पाणी म्हणजे साधारण ४ हजार लिटर. म्हणजे बांधीत (धानाच्या खाचरात) ५ सेंटीमीटर पाणी भरायचं तर एकरी २ लाख लिटर लागतात. हे दोन आकडे पाठ करून ठेवा, पुढे सतत लागतील.

आता आपली मोटार किती पाणी देते ते मोजा. २०० लिटरचा ड्रम पाईपच्या तोंडाखाली धरायचा आणि मोबाईलवर वेळ लावायची. ड्रम २५ सेकंदांत भरला तर सेकंदाला ८ लिटर, तासाला २८ हजार ८०० लिटर. या मोटारीला एक एकर ५ सेंटीमीटर भरायला ७ तास लागणार. ‘रात्रभर मोटार चालू होती’ याला काही अर्थ नाही. किती तास चालू होती आणि ड्रम किती सेकंदांत भरतो, हे माहीत असलं तरच पाण्याचं मोजमाप होतं. हे मोजमाप जानेवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये पुन्हा करा. उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली जाते तशी धारही बारीक होते.

बांधीतलं पाणी तीन वाटांनी जातं. पहिली वाट पिकाची आणि उन्हाची: काही पीक पितं आणि काही उन्हाने उडतं. उन्हाळी हंगामात हे दोन्ही मिळून दिवसाला ६ ते ७ मिलीमीटर धरतात, एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात याहूनही जास्त. यात फारशी काटकसर होत नाही. दुसरी वाट म्हणजे तळातून खाली झिरपणं, तिसरी धुऱ्यातून, म्हणजे बांधीच्या बांधातून, बाजूला पाझरणं. भारी चिकण जमिनीत झिरपा आणि पाझर मिळून दिवसाला १ ते ५ मिलीमीटर असतो. रेताड जमिनीत तो २५ ते ३० मिलीमीटरपर्यंत जातो.

रोवणीपासून शेवटच्या पाण्यापर्यंत ९० दिवस धरा. पीक आणि ऊन मिळून रोज ७ मिलीमीटर. ज्या जमिनीत झिरपा २ मिलीमीटर आहे, तिथे हंगामाला ८१ सेंटीमीटर पाणी लागेल, एकरी सुमारे ३३ लाख लिटर. झिरपा १५ मिलीमीटर असेल तर १९८ सेंटीमीटर, म्हणजे ८० लाख लिटर. धान तेच, ऊन तेच, उताराही साधारण तोच. मधले ४७ लाख लिटर मातीने आणि धुऱ्याने नेले. आपलं सगळं काम या ४७ लाखांवर करायचं आहे.

तळ गळतो की धुरा, हे शोधा

बहुतेक लोक हा शोध न घेताच उपाय करतात, म्हणून पैसा जातो आणि पाणी वाचत नाही. चाचणी अगदी साधी आहे.

तळ कापलेला पत्र्याचा ड्रम किंवा मोठी बादली घ्या. चिखलणी होऊन माती बसल्यावर ती बांधीच्या मध्यभागी चिखलाचा थर ओलांडून खालच्या टणक थरात थोडी रुतेल इतकी दाबा. आत आणि बाहेर पाण्याची पातळी सारखी करा. आत एक पट्टी उभी रोवा, बाहेर दुसरी. मग बांधीत येणारं आणि जाणारं पाणी बंद करून २४ तास थांबा.

ड्रमच्या आत जितकी पातळी उतरली, तितकं पाणी उन्हाने उडालं आणि तळातून झिरपलं. बाहेर उतरली, त्यात धुऱ्याचा पाझरही आला. समजा आत ९ मिलीमीटर उतरली आणि बाहेर २१. म्हणजे तुमचा धुरा दिवसाला १२ मिलीमीटर, एकरी जवळपास ४८ हजार लिटर पाणी शेजाऱ्याला देतोय. अशा वेळी चिखलणी दुप्पट केली तरी उपयोग नाही, धुरा लिंपावा लागेल. उलट आत-बाहेर दोन्हीकडे २० उतरली, तर धुऱ्यावर मजूर लावणं व्यर्थ, तळ गळतोय.

तळाचा अंदाज मातीवरूनही येतो. कन्हार (भारी काळी चिकण) आणि मोरांड (मध्यम) जमिनी पाणी धरतात. सिहार (रेतीमिश्रित हलकी) जमीन चांगली चिखलली तर धरते, नाहीतर सोडते. बरडीत, म्हणजे मुरमाड जमिनीत, उन्हाळी धान घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, पाणी कितीही असो. ज्या बांधीत चिखलणीनंतरही दिवसाला २० मिलीमीटरच्या वर पाणी उतरतं, तिथे मका, भुईमूग किंवा मूग घ्या आणि ते पाणी खालच्या कन्हारच्या बांधीला द्या. या लेखातल्या सगळ्या युक्त्या एकत्र केल्या तरी एवढं पाणी वाचणार नाही.

वाण आणि तारीख

पीक शेतात जितके दिवस, तितकं पाणी. दिवसाला १० मिलीमीटर खर्च धरला तर १० दिवसांचे एकरी ४ लाख लिटर होतात. १४० दिवसांचं वाण सोडून १२० दिवसांचं घेतलं तर कुठलंही तंत्र न वापरता ८ लाख लिटर वाचले. एमटीयू १०१० हे वाण आपल्याकडे उन्हाळ्यात इतकं चालतं त्यामागे हेही एक कारण आहे.

तारीख तितकीच महत्त्वाची. रोवणी फेब्रुवारीच्या मध्यापलीकडे गेली की निसवा (लोंब्या बाहेर पडणं) एप्रिलच्या ऐन उन्हात येतो. धान फुलोऱ्यात असताना तापमान ३५ अंशांच्या वर राहिलं तर लोंबीत पोचट दाणे वाढतात. शिवाय दाणे भरायचे दिवस मे महिन्यात जातात, जेव्हा बोअर आणि तलाव दोन्ही तळाला गेलेले असतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रोवणी संपवायची असेल तर पऱ्हे (रोपांसाठीचं बी) डिसेंबरच्या मध्यातच टाकावे लागतात, कारण थंडीत ते हळू वाढतात. पंजाबने २००९ साली कायदाच केला की १० जूनच्या आधी रोवणी करायची नाही. तिथे रोवणी उशिरा ढकलून पाणी वाचतं, कारण पुढे पाऊस असतो. आपल्या उन्हाळी धानाचं उलट आहे, पुढे फक्त ऊन आहे. दोन्हीकडे सूत्र एकच, पिकाच्या वाढीचे दिवस कडक उन्हापासून दूर न्यायचे.

रोवणीआधीची कामं: इथेच सगळ्यात जास्त पाणी वाचतं

खरिपाचं धान कापलं की जमीन अजून ओलसर असतानाच एक उथळ नांगरट किंवा वखराची पाळी द्या. कन्हार जमीन तशीच सोडली तर डिसेंबर-जानेवारीत तिला हात जाईल इतक्या भेगा पडतात. मग पहिलं पाणी सोडलं की ते भेगांतून सरळ खाली जातं, दिवसभर मोटार चालते आणि बांधी भरतच नाही. वरची माती मोकळी असेल तर ती भेगांत पडून तोंडं बुजतात.

धुरे. उंदरांची आणि खेकड्यांची बिळं शोधण्यासाठी पहिलं पाणी सोडल्यावर धुऱ्याच्या बाहेरच्या बाजूने चाला. जिथे ओल दिसते किंवा बारीक धार लागते, तिथे आतल्या बाजूला हातभर अंतरात भोक असतं. नुसता चिखल थापून ते बंद होत नाही. भोक फावड्याने पूर्ण उकरा, त्यात ओली चिकण माती पायाने दाबत भरा, मग आतून लिंपा. धुरा रुंदी आणि उंचीला किमान फूटभर असावा. चिखलणीच्या वेळी फावड्याने चिखल उचलून धुऱ्याच्या आतल्या अंगाला थापायचं काम जुने लोक दरवर्षी करत. आता ट्रॅक्टर एका दिवसात चिखलणी करून जातो आणि धुऱ्याकडे कोणी बघत नाही. धुऱ्याचा मातीकाठ ट्रॅक्टरच्या केजव्हीलने (चिखलातल्या लोखंडी चाकाने) कातरला जातो, तेही लक्षात ठेवा. पाझर फारच असेल तर आतल्या अंगाला जाड प्लास्टिकचा कागद चिखलात एक वीत खोल खोचून वर मातीने झाकतात. खर्च आहे, म्हणून तो फक्त सगळ्यात खालच्या, नाल्याकडच्या धुऱ्याला.

सपाटी. बांधीच्या एका टोकाला दुसऱ्यापेक्षा ८ सेंटीमीटर उंची असेल, तर उंच टोकावर ५ सेंटीमीटर पाणी चढवण्यासाठी सखल टोकाला १३ भरावं लागतं. सरासरी ९ झाली. प्रत्येक पाळीला ४ सेंटीमीटर, एकरी १ लाख ६० हजार लिटर फुकट. लेझर लेव्हलर भाड्याने मिळत असेल तर खरिपानंतर जमीन कोरडी असताना तो एकदा फिरवून घ्या, पण आपल्या बांध्या लहान असल्याने तो सगळीकडे फिरत नाही. मग चिखलणीनंतर फळी मारताना बांधीत जेमतेम २-३ सेंटीमीटर पाणी ठेवा. पाणी स्वतःच उंचवटे दाखवतं. बांधी भरून फळी मारली तर उंचवटे पाण्याखाली लपतात आणि रोवणी झाल्यावर वर येतात.

चिखलणी. सिहार जमिनीत चिखलणी नीट, दोन-तीन पाळ्यांत करा, कारण तिथे चिखलानेच तळाची भोकं बुजतात. कन्हारमध्ये झिरपा मुळातच कमी, तिथे रोटाव्हेटर पुन्हा पुन्हा फिरवून डिझेल जाळण्यात अर्थ नाही. खोली १० ते १२ सेंटीमीटर पुरे. फार खोल गेलात तर खालचा वर्षानुवर्षांचा टणक थर फुटतो आणि तळ गळायला लागतो.

आणि सगळ्यात मोठी उधळपट्टी: जमीन भिजवून वाट बघणं. मशागतीला १५ ते २० सेंटीमीटर पाणी पुरायला हवं. पण पाट आला म्हणून अख्खी शेती भिजवून ठेवली आणि पऱ्हे अजून २० दिवसांनी काढणीला येणार असतील, तर या २० दिवसांत पीक नसलेल्या जमिनीतून दुप्पट-तिप्पट पाणी जातं. पऱ्हे विहिरीजवळच्या एका कोपऱ्यात वेगळे वाढवा, चार घरांनी मिळून एकाच ठिकाणी टाकले तर आणखी बरं. रोवणाऱ्या बायांची तारीख पक्की झाली की तिच्या तीन-चार दिवस आधी भिजवणी सुरू करा, त्याआधी नाही.

रोवणीनंतरचे पहिले दोन आठवडे

या काळात काटकसर करू नका. रोवणी २ सेंटीमीटर पाण्यात करा, खोल पाण्यात रोप तरंगतं आणि बाया ते खोल खोचतात. रोप जगलं की पाणी ३ ते ५ सेंटीमीटरपर्यंत न्या आणि ते टिकवा. सावा आणि लव्हाळा ही तणं याच दिवसांत उगवतात. इथे बांधी कोरडी पडली तर वाचवलेलं पाणी निंदणीच्या मजुरीत दामदुपटीने जातं.

तणनाशक वापरत असाल तर त्याचंही पाण्याशी गणित आहे. प्रीटिलाक्लोरसारखं उगवणीपूर्व औषध रोवणीनंतर तीन ते पाच दिवसांत, पाण्याचा पातळ थर असताना टाकायचं आणि नंतर दोन-तीन दिवस पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही. बिस्पायरीबॅक सोडियम उगवलेल्या तणाच्या पानांवर बसावं लागतं, म्हणून पाणी उतरवून फवारायचं आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा भरायचं. मात्रा डब्यावर लिहिलेली असते तीच.

तण फार असेल तर पुढची पाईपची पद्धत दोन आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांनी सुरू करा.

पाईप लावून पाणी देणं

फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ही पद्धत विकसित केली आणि फिलिपीन्स, बांगलादेश, व्हिएतनाम इथे ती शेतकऱ्यांपर्यंत पोचली. बांधी भरायची, पाणी आटू द्यायचं, मातीच्या खालीही थोडं उतरू द्यायचं आणि मगच पुन्हा भरायचं. कधी भरायचं हे वरून कळत नाही. वर माती कोरडी दिसते तेव्हा खाली बोटभरावर पाणी असतं. म्हणून पाईप.

चार इंची पीव्हीसी पाईपचा ३५ सेंटीमीटर लांबीचा तुकडा घ्या. बांधकामातला उरलेला चालतो. खालच्या २० सेंटीमीटर भागाला चारही बाजूंनी अर्ध्या सेंटीमीटरची भोकं पाडा, दोन-दोन सेंटीमीटर अंतरावर. ड्रिल नसेल तर खिळा तापवून पाडा. भोकांच्या भागावर जुन्या सुती साडीचा किंवा मच्छरदाणीचा एक पदर गुंडाळला तर चिखल आत येत नाही. आता धुऱ्यापासून दोन-तीन पावलं आत, जिथून रोज जाता-येता दिसेल अशा जागी पाईप २० सेंटीमीटर जमिनीत दाबा, १५ सेंटीमीटर वर राहू द्या. टणक थर फुटेल इतका खोल ठोकू नका, नाहीतर पाईपमधलं पाणी खाली निसटेल आणि पातळी खोटी दिसेल. आतली माती हाताने उकरून तळापर्यंत काढा.

बांधीत पाणी असताना पाईपच्या आत आणि बाहेर पातळी सारखी दिसली पाहिजे. काही तासांनीही सारखी झाली नाही तर भोकं बुजली आहेत, काढून पुन्हा बसवा.

वाचायला एक काडी पुरते. तिला वरच्या टोकापासून दोन खुणा करा, १५ आणि ३० सेंटीमीटरवर, आणि वरचं टोक पाईपच्या काठाशी धरा. पाणी १५ च्या खुणेवर म्हणजे मातीच्या पातळीला. ३० च्या खुणेवर म्हणजे मातीखाली १५ सेंटीमीटर. तिथे आलं की बांधी ५ सेंटीमीटर भरा. त्याआधी मोटार चालू करू नका, शेजाऱ्याची चालू असली तरी. १५ सेंटीमीटर ही सुरक्षित मर्यादा मानली जाते, कारण तिथपर्यंत मुळांना खालून ओल मिळत राहते आणि उतारा घटत नाही. दोन पाण्यांतलं अंतर मातीवर आणि उन्हावर ठरतं. फेब्रुवारीत कन्हारमध्ये आठवडा सहज निघतो, एप्रिलमध्ये सिहारात तीन-चार दिवसांतच काडी ३० वर येते.

पाईप उंचवट्यावर किंवा खड्ड्यात नको, बांधीचं सरासरी चित्र दिसेल तिथे हवा. प्रत्येक बांधीला एक लागत नाही. एका पातळीवरच्या, एकसारख्या मातीच्या चार-पाच बांध्यांना एक चालतो. वरच्या आणि खालच्या बांध्यांसाठी मात्र वेगळे ठेवा.

कन्हार जमिनीसाठी एक बदल. पुस्तकात १५ लिहिलेलं असतं, पण कन्हार १५ पर्यंत उतरू दिली तर उन्हात भेगा पडतात आणि पुढचं पाणी भेगांतून जातं, म्हणजे बचत उलटते. तिथे १० सेंटीमीटरला, काडीवर २५ ला पाणी द्या. केसासारख्या भेगा चालतात. करंगळी जाईल इतकी भेग दिसली तर उशीर झाला. भारी जमिनीत झिरपा मुळातच कमी असल्याने या पद्धतीतून तिथे बचतही कमी होते, हे आधीच समजून घ्या. ठिकठिकाणच्या प्रयोगांत साधारण १५ ते ३० टक्के पाणी वाचल्याचं दिसतं. सिहारवाल्यांनी वरच्या टोकाची अपेक्षा ठेवावी, कन्हारवाल्यांनी खालच्या.

मध्येमध्ये हवा लागल्याने साचलेल्या पाण्यात तयार होणारा मिथेन वायूही बराच घटतो, तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत. कार्बन क्रेडिटच्या नावाखाली यावर पैसे देऊ म्हणणारे आता गावात येऊ लागले आहेत. करार वाचल्याशिवाय सही करू नका, किती वर्षांचा आहे ते पाहा.

युरिया आणि पाणी

पाईप लावल्याचा एक फायदा लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही. युरियाचा हप्ता उभ्या पाण्यात फेकला की त्यातला बराच नत्र हवेत उडतो आणि वरच्या बांधीतून खालच्या बांधीत वाहतो. काडी ३० च्या जवळ आली, बांधीत पाणी नाही, माती ओलसर आहे, तो दिवस युरियाचा. संध्याकाळी टाका आणि लगेच, फार तर सकाळी पाणी द्या. पाणी युरियाला मुळांपाशी घेऊन जातं. त्यानंतर दोन-तीन दिवस धुऱ्याचं तोंड घट्ट बंद.

मात्र हप्ता टाकून पाणी लांबलं, वीज गेली, पाट बंद पडला, तर हेच गणित अंगाशी येतं. पाण्याची खात्री असेल तेव्हाच टाका.

पाईप विसरायचे दिवस

पोटरी फुगली, लोंबी बाहेर यायला आठवडा राहिला, की तिथपासून फुलोरा संपून आठवडा होईपर्यंत बांधीत ३ ते ५ सेंटीमीटर पाणी कायम ठेवा. काडी, खुणा, सगळं बाजूला. या दोन-तीन आठवड्यांत धानाला ताण बसला तर पोचट वाढतं आणि नंतर कितीही पाणी दिलं तरी ते भरून येत नाही. शिवाय उभं पाणी बांधीतला उन्हाचा ताव थोडा कमी करतं. आधी वाचवलेलं पाणी याच दिवसांसाठी. बोअर दमलेलं असेल तर बांध्या वाटून घ्या, जी निसवतेय तिला आधी.

करपा दिसला तरी तो आटोक्यात येईपर्यंत बांधी सुकू देऊ नका. पाण्याच्या ताणात हा रोग जास्त पसरतो. तुडतुड्यांचं उलट, तेव्हा पाणी काढून बुडाशी हवा खेळू देणं चांगलं.

दाणे भरू लागले की पुन्हा पाईपवर या. कापणीच्या आधी भारी जमिनीत १५ दिवस आणि हलक्या जमिनीत ८-१० दिवस पाणी बंद. लोंबीतले बहुतेक दाणे नखाने दाबले तर दूध न येता कडक लागतात आणि शेंड्याकडून पिवळे होतात, ती खूण. त्यानंतर दिलेल्या पाण्याने दाणा भरत नाही, हार्वेस्टर मात्र फसतो.

रोवणीच टाळली तर

चिखलणी आणि पऱ्हे दोन्ही टाळून थेट पेरणी करता येते. बी नुसतं फेकून पेरायचा आवत्या आपल्याकडे जुनाच आहे. मोड आलेलं बी ड्रम सीडरने ओळीत टाकलं तर निंदणी सोपी होते. कोरड्या जमिनीत टिफणीने पेरलं तर चिखलणीचं पाणी पूर्ण वाचतं, पण तण दुप्पट आणि सिहारात लोहाच्या कमतरतेने रोपं पिवळी पडतात. रायगड जिल्ह्यात नेरळच्या सगुणा बागेतून पुढे आलेलं सगुणा राईस तंत्र तर नांगरट, चिखलणी, रोवणी तिन्ही काढून टाकतं, गादीवाफ्यावर साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. खरिपासाठी हे सगळं करून बघण्यासारखं आहे. उन्हाळी धानात मात्र जानेवारीच्या थंडीत टाकलेलं बी उगवायला वेळ घेतं आणि पूर्ण शेत महिनाभर आधी भिजवावं लागतं. वाचवलेलं पाणी तिथेच परत जातं. म्हणून उन्हाळ्यासाठी मी रोवणीच सुचवेन, श्री पद्धतीसारखी कोवळी रोपं, दोन-तीन पानांवर असताना, विरळ.

पाटाचं पाणी आणि बांधीतून बांधी

आतापर्यंतचं सगळं मोटारवाल्यांना सोपं आहे. पाटावर अडचण वेगळी. आपल्याकडे पाणी वरच्या बांधीतून तिच्या खालच्या बांधीत आणि तिथून पुढे असं जातं. शेवटच्या बांधीला पाणी हवं तर वरच्या दहाही बांध्या भरलेल्या लागतात. वरच्याने पाईप लावला आणि धुऱ्याचं तोंड बंद केलं की खालचा भांडायला येतो, आणि त्याचं चूक नसतं. यावर उपाय एकच, धुऱ्याच्या कडेने हातभर रुंदीचा दांड (पाण्याची चारी) काढून प्रत्येक बांधीला वेगळं तोंड देणं. हातभर जमीन जाते म्हणून लोक तयार होत नाहीत. पण त्या दांडानेच वरच्याचं खत खालच्याकडे वाहायचं थांबतं, हे वरच्याला सांगा, आणि पाणी पाळीच्या पहिल्याच दिवशी पोचतं, हे खालच्याला.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती मोकळेपणाने बोलली पाहिजे. पाटाची पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर लागते, लिटरवर नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात वीज मोफत आहे. म्हणजे पाणी वाचवलं म्हणून एकट्या शेतकऱ्याचं बिल एका रुपयाने कमी होत नाही. फायदा आहे तो असा: त्याच बोअरवर आणखी अर्धा एकर भिजतो, विजेच्या एका पाळीत सगळ्या बांध्या होतात, आणि शेवटची दोन पाणी, जी मेमध्ये बोअर आटल्याने चुकतात आणि दाणा बारीक राहतो, ती हाताशी राहतात. बोअर कमजोर असलेल्यांना म्हणूनच हे आधी पटतं.

पाटावर मात्र फायदा गटालाच होऊ शकतो. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा राज्याचा २००५ चा कायदा पाणी वापर संस्थेला पाणी मोजून देण्याची तरतूद करतो. मोजून मिळालेलं पाणी संस्थेने कसं वाटायचं हे संस्थेच्या हातात राहतं. तलावावर संस्था नसेल तरी गावाने नोव्हेंबरमध्येच बसून तीन गोष्टी ठरवाव्यात: तलावात आज किती पाणी आहे, त्यावर किती एकर धान होईल, आणि ते कुठल्या बांध्यांत. एकरी मशागतीला ८ लाख लिटर आणि पुढच्या ९० दिवसांना वरच्या हिशोबाप्रमाणे ३३ ते ८० लाख, असं धरून गणित फळ्यावर मांडा. बरडी आणि वरच्या हलक्या बांध्यांना धान नाही, तिथे ओलीवर लाखोळी, जवस किंवा हरभरा. रोवणी कोणत्या तारखेच्या आत संपवायची आणि पाट किती दिवसांच्या पाळीने सोडायचा, तेही त्याच बैठकीत लिहून घ्या. कन्हारच्या बांध्यांना आठ दिवसांची पाळी चालेल, सिहाराच्यांना मार्चपासून पाच दिवसांची लागेल. निसव्याच्या पंधरवड्यात पाळी तोडायची नाही. डिसेंबरात पऱ्हे टाकून झाल्यावर ही बैठक घेऊन उपयोग नाही, तोवर ज्याला जिथे धान लावायचं त्याने बी टाकलेलं असतं.